एक दिवस बुडाला, तर काय झाले?



आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. कचेरी सुटली की आम्हीही तेथे जाऊन बसतो. मागे एकदा तिसरीतील एका मुलीला आम्ही सांगितले, "५२ मधून २७ वजा कर." तिने झटकन पाटीवर ३५ लिहिले. दुसरे गणित दिले, तेही तसेच चुकले. "कसे केलेस, बाळ?" असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले."

मुलगी हुशार आहे, वाचते चांगले. मग हे असे का? तिच्या आईला विचारले. ती माउली चार घरची धुणीभांडी करते. म्हणाली, "भाऊ, शाळेत तर रोज पाठवते. धाकट्याला बघायला कुणी नसले की एखादा दिवस घरी ठेवते. एक दिवस बुडाला, तर काय झाले?"

काय झाले, हे आम्हाला एका गुरुजींनी समजावून दिले. दुसरीत हातच्याची वजाबाकी शिकवतात, तो आठवडा असा जातो. सोमवारी काड्या मोजून दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. एक गठ्ठा म्हणजे एक दशक. मंगळवारी सोपी वजाबाकी, ४८ मधून २३. बुधवारी ५२ मधून २७. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात काढायच्या कशा? एक गठ्ठा सोडायचा. सुट्या झाल्या बारा. त्यांतून सात गेल्या, पाच उरल्या. राहिलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. उत्तर २५. गुरुवारी तेच पाटीवर मांडायचे, शुक्रवारी बाजारहाटाची उदाहरणे, शनिवारी अर्धा दिवस उजळणी.

आता पाहा, ज्या मुलाचा बुधवार बुडाला, त्याचा गुरुवारही गेला, शुक्रवारही गेला. ते वर्गात बसले खरे, पण गठ्ठा सोडायचा असतो हे त्याला ठाऊकच नाही. म्हणजे बुडाला एक दिवस, गेला अर्धा आठवडा. आणि ती चूक पुढच्या इयत्तेत बरोबर आली.

आम्ही पडलो कारकून; हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे ठरवून दिले आहे. शाळेचा आठवडा सहा दिवसांचा. दर आठवड्याला एक दिवस बुडाला, तर वर्षाचे ३३ दिवस गेले. पाच वर्षांत १६५ दिवस! म्हणजे शाळेचे जवळजवळ एक अख्खे वर्ष आपण आपल्या हाताने पुसून टाकतो.

१९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते, की शाळेत गेलेल्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. बाकीची पुन्हा निरक्षरच होतात. आज पटावर आपल्या मुलांची नावे आहेत, ती बाकावरही बसतात. पण बाकावर बसूनही गळती होते, आणि ती दिसत नाही.

मग करावे काय? आई-बापाला लिहिता-वाचता येत नसले तरी चालेल. रात्री मुलाला एवढेच विचारा, "आज नवीन काय शिकवले? मला करून दाखव." दिवस बुडालाच, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सांगा, "काल आमचे मूल नव्हते, राहिलेले शिकवा." यात भीड कसली? मुलाची अडचण ओळखून लागेल तेथे जादा शिकवणे आणि पालकांना त्याची हजेरी व प्रगती सांगणे, हे त्याच कायद्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. अनुदानित आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही कायदा म्हणतो. तेथे सहीपुरते जाऊ नका, तोंड उघडा.

त्या माउलीला दोष देणे सोपे होते. पण ती कामावर गेली नाही, तर चूल पेटत नाही. म्हणून गल्लीतील बायांनी बसून ठरवले. धाकट्याला आळीपाळीने सांभाळायचे, पण शाळेच्या वेळात मोठ्या मुलीच्या कडेवर द्यायचे नाही. पाळी चुकते, कुरबुरी होतात, तरी चालले आहे.

आणि ती मुलगी? आम्ही एक काड्यापेटी तिच्यापुढे रिकामी केली आणि दोऱ्याने पाच गठ्ठे बांधायला लावले. एक गठ्ठा तिने स्वतः सोडला. थोडा वेळ काड्यांकडे बघत राहिली, मग पाटीवरचे ३५ पुसून २५ लिहिले. "एवढंच होतं होय?" म्हणाली.

एवढेच होते. पण त्यासाठी एक वर्ष गेले.

जयभीम!