श्रवणाचा परवाना

घरात रेडिओ ठेवण्यासाठी सरकारचा परवाना घ्यावा लागत असे, ही गोष्ट वाशी-नेरूळमध्ये वाढलेल्या आजच्या पिढीस दंतकथाच वाटेल. परंतु ही परवानापद्धती 1985 साली उठली. तोवर टपाल कचेरीत शुल्क भरावे, पुस्तिकेत तिकिटे चिकटवावीत आणि मग बातम्या ऐकाव्यात, असा रिवाज होता.

त्याचे मूळ परकीय राजवटीत आहे. 1927 साली मुंबईत खाजगी कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा श्रोत्यांवर वार्षिक 10 रुपये शुल्क बसविण्यात आले. 1885 च्या तार कायद्यानुसार नुसता संच बाळगणे गुन्हा ठरत नव्हते. म्हणून 1933 साली बिनतारी यंत्रांसंबंधी स्वतंत्र कायदा करून तेही दंडनीय ठरविण्यात आले. रेडिओलहरींची सत्तेला केवढी धास्ती असते, हे 1942 साली दिसले. उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी मुंबईत चालविलेला गुप्त काँग्रेस रेडिओ राममनोहर लोहियांच्या साहाय्याने जेमतेम तीन महिने बोलला आणि चालविणारे तुरुंगात गेले.

स्वराज्य आले, तरी परवाना राहिला आणि सरकारी मक्तेदारीही राहिली. शुल्क श्रोत्याचे, शब्द मात्र सरकारचा! जानेवारी 1984 मध्ये नवी मुंबईसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचा शेतकरी रस्त्यावर उतरला. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या वेळी देशातील नभोवाणी एकट्या आकाशवाणीच्या हाती होती आणि आकाशवाणी हे सरकारचेच खाते होते. गोळी झाडणारी सत्ता आणि बातमी सांगणारी सत्ता निराळ्या नव्हत्या. शेतकऱ्याला ऐकण्याची मुभा होती, बोलण्याची नव्हती.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. तरीही जुन्या कायद्यांच्या जागी संसदेने 2023 साली संमत केलेल्या दूरसंचार कायद्यात रेडिओ उपकरण बाळगण्यास केंद्राची अनुमती लागावी, हे जुनेच तत्त्व कायम आहे. सूट देणे सरकारच्या मर्जीवर ठेवले आहे. मर्जीने मिळालेली सूट मर्जीनेच जाऊ शकते. तिला हक्क म्हणता येत नाही.

म्हणून केवळ ऐकण्याच्या संचास कोणत्याही अनुमतीची गरज नाही, असे कायद्यातच स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. तसेच 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले आहे. त्याचा लाभ बेलापूर-उरण पट्ट्यातील आगरी-कोळी प्रकल्पग्रस्तांना मिळाला पाहिजे. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्यांचा आवाजही या शहराच्या कानी पडलाच पाहिजे.