सही बापाची, फी कॉलेजची, हप्ता कुणाचा?

गेल्या आठवड्यात गल्लीतले एक काका बँकेची नोटीस घेऊन आले. आमच्याकडं पत्रकार म्हणजे इंग्रजी कागद वाचून सांगणारा माणूस, त्यामुळं असे कागद माझ्याकडं येतात. नोटीस पोराच्या शैक्षणिक कर्जाची होती. वाचून दाखवली तर काका म्हणाले, "कर्ज पोराच्या नावावर हाय. मी तर नुस्ती सही केली होती, साक्षीदार म्हणून."

काका साक्षीदार नव्हते, सहकर्जदार होते. पोरानं भरलं नाही तर बँक सगळी रक्कम काकांकडं मागू शकते. सिबिल दोघांचंही बिघडतं. हे सही घेताना त्यांना कुणी मराठीत सांगितलं नाही.

पोरगं काही कर्ज बुडवून पळालेलं नाही. इंजिनिअर झालंय, चाकणला ट्रेनी आहे, पगार १६ हजार. आता हिशेब बघा. दरवर्षी १ लाख, असे चार वर्षांत ४ लाख उचलले. व्याज १० टक्के धरू. शिक्षणाची ४ वर्षं आणि पुढचं १ वर्ष हप्ता नसतो. लोकांना वाटतं, व्याजही नसतं. पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून चालू असतं. सरळव्याजानं पाच वर्षांत १ लाख ४० हजार होतात. म्हणजे पहिला हप्ता यायच्या आधीच ५ लाख ४० हजार झाले. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ७ हजार १०० च्या आसपास. १६ हजारात खोलीभाडं, मेस आणि हा हप्ता बसवून दाखवा!

आता पारावरची पंचायत सुरू झालीय. कुणी म्हणतं, बापानं ऐपत बघून शिकवावं. कुणी म्हणतं, पोरानं घेतलं, पोरानं फेडावं. घेतलेलं कर्ज फेडायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. पैसे गेले कुठं? बँकेनं फी थेट कॉलेजच्या खात्यावर भरली. काकांच्या हातात रुपया आला नाही, पोराच्याही नाही. कर्जाच्या कागदावर बापाची सही आहे, पोराची आहे. ज्यानं पैसे घेतले, तो मात्र कुठल्याच जबाबदारीत नाही.

खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवायला राज्यात २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आहे. ते कॉलेजनं दाखवलेला खर्च तपासतं. पण त्या फीच्या बदल्यात किती पोरांना काम मिळालं, कितीच्या पगारावर, हे कोण तपासणार?

यात माझाही वाटा आहे, लपवत नाही. जून आला की आमच्या पेपरची पानं कॉलेजांच्या जाहिरातींवर चालतात. "१०० टक्के प्लेसमेंट" छापताना मी कधी विचारलं नाही की किती जणांना आणि कितीची. जाहिरातीचं कमिशन घेतलं, गप्प बसलो. काकांनी कदाचित तीच जाहिरात वाचली असेल.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, प्रवेशाच्या वेळीच कॉलेजनं शाखेनुसार नोकऱ्या आणि पगाराचे तपासलेले आकडे लेखी द्यावेत. दोन, आकडे खोटे निघाले तर कर्जाच्या व्याजाचा बोजा कॉलेजवर टाकावा. तीन, सहकर्जदार म्हणजे काय हे बँकेनं मराठीत वाचून दाखवूनच सही घ्यावी. सोबत व्याज सवलतीचंही सांगावं. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना, ठरावीक अटींत, शिक्षण काळातलं व्याज केंद्र भरतं. पण त्यासाठी दाखला वेळेत द्यावा लागतो आणि बँकेनं दावा पाठवावा लागतो. काकांना हे नोटीस आल्यावर माझ्याकडून कळलं.

कुणाला राग येईल. येऊ दे.

जाताना काका उंबऱ्यात थांबले. धाकटी यंदा बारावी झालीय, ८६ टक्के. म्हणाले, "आता हिला नको पाठवायला. एकाचंच फिटंना." कर्ज पोराचं, आणि किंमत पोरगी मोजणार. मी त्यांना परत बसवलं. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींना कॅप राउंडमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. होस्टेल-मेसचा खर्च आपलाच, पण फीसाठी कर्ज काढायची गरज नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला सोमवारी आम्ही दोघं तहसीलला चाललोय.

तुमच्याही घरात प्रवेशाची धावपळ असेल. सही करायच्या आधी कागद वाचा. इंग्रजीत असेल तर माझ्याकडं घेऊन या. चहा माझ्याकडून.