धुराचा जमाखर्च

कारखान्याने वर्षभरात किती माल काढला आणि किती नफा मिळविला, याचा हिशेब भागधारकांपुढे ठेवण्याची पद्धत जुनी आहे. त्याच कारखान्याने त्याच वर्षात हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे विचारण्याची पद्धत मात्र अलीकडची. ‘सेबी’ने २०२१ मध्ये त्यासाठी नवा नमुना ठरवून दिला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा केला. हे योग्यच झाले. परंतु रकाने आखून दिले म्हणजे हिशेब लिहिला गेला असे होत नाही.

अनेक ठिकाणी हे काम प्रसिद्धी खात्याच्या किंवा बाहेरच्या सल्लागाराच्या गळ्यात घातले जाते आणि अहवालात वृक्षारोपणाची छायाचित्रे झळकतात. वास्तविक हे काम हिशेबनीसाचे आहे. त्याला लागणारा सारा कच्चा माल त्याच्याच कपाटात असतो: विजेची बिले, डिझेलच्या पावत्या, कोकची आवक लिहिलेली वही, वातानुकूलन यंत्रांत भरलेल्या वायूची देयके. प्रत्येक परिमाणाला ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, इतकेच गणित. विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते. तो एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो आहे. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो वायू हवेत जातो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीचे उदाहरण घ्यावे. विजेच्या भट्टीत एक टन लोखंड वितळविण्यास साधारण सहाशे युनिटे लागतात असे धरले, तर महिन्याला दोनशे टन वितळविणाऱ्या कारखान्याच्या नावावर केवळ विजेपोटी ८४ टन वायू पडतो. महिन्याला हजार लिटर डिझेल जाळले तर त्याचे पावणेतीन टनही होत नाहीत. कोठे लक्ष घालावयाचे, हे एवढ्या त्रैराशिकावरून कळते. उलट ‘आर-४१०ए’ हा शीतक वायू एक किलो गळाला, तरी तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. अनेक कचेऱ्यांत त्याची नोंद दुरुस्तीच्या खर्चापलीकडे कोठेही नसते.

जगभर रूढ झालेल्या पद्धतीत या हिशेबाची तीन खाती आहेत. स्वतःच्या भट्टीचा आणि वाहनांचा धूर पहिल्या खात्यात; विकत घेतलेल्या विजेसाठी वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघालेला दुसऱ्यात; आणि कच्चा माल पुरविणारे, वाहतूकदार व माल वापरणारे यांचा तिसऱ्यात. ‘सेबी’च्या नमुन्यात पहिली दोन खाती अनिवार्य आहेत, तिसरे ऐच्छिक. खरी गोम येथेच आहे. मोठ्या कंपनीने आपली ओतकामाची भट्टी बंद करून तेच काम बाहेरच्या छोट्या कारखान्याला दिले, की तिची पहिली दोन खाती एका वर्षात स्वच्छ दिसू लागतात. धूर तेवढाच राहतो, किंबहुना छोट्याची भट्टी जुनी असेल तर वाढतोही. अहवालात मात्र ही ‘प्रगती’ म्हणून छापली जाते! तिसरे खाते उघडल्यावाचून ही पळवाट बुजणार नाही.

उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे किती उत्सर्जन, या आकड्याचेही तसेच आहे. मालाच्या किमती वाढल्या की धूर न घटताही तो उतरतो. म्हणून मालाच्या प्रत्येक टनामागचा आकडा त्याच्या शेजारी छापला गेला पाहिजे, आणि तुलनेचे पायाभूत वर्ष सोयीनुसार बदलता कामा नये. मंदीमुळे भट्ट्या निम्म्या थंड होत्या ते वर्ष कोणी पायाभूत धरणार नाही. भरभराटीचे, सर्वांत धुरकट वर्ष धरण्याचा मोह मात्र अनेकांना होईल.

छोट्या कारखानदाराला हे सारे लांबचे वाटत असेल, तर तो भ्रम आहे. युरोपीय संघाने आयात होणारे लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांसारख्या मालावरील कार्बन-शुल्काची व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे अमलात आणली. प्रत्यक्ष मोजलेला आकडा देता आला नाही, तर तेथे ठरवून ठेवलेला आकडा गृहीत धरला जातो आणि तो बहुधा निर्यातदाराच्या तोट्याचा असतो. मोठ्या कंपन्या आता पुरवठादारांकडे आकडे मागू लागल्या आहेत. वीस कामगारांच्या कारखान्यात असे पत्र आले, की मालक ते अर्धवेळ येणाऱ्या हिशेबनीसापुढे सरकवतो आणि तो बिचारा अंदाजाने काहीतरी भरून देतो. असे शंभर अंदाज एकत्र करून मोठ्या कंपनीचे तिसरे खाते तयार होणार असेल, तर ते न लिहिलेलेच बरे. आकडे मागणाऱ्या कंपनीने पत्राबरोबर आपला एक जाणता कारकून आठवडाभर त्या कारखान्यात बसवावा, आणि वाणिज्य महाविद्यालयांनी हिशेबशास्त्राच्या अभ्यासक्रमात या तीन खात्यांचा एक प्रात्यक्षिक पाठ घालावा. वीजबिले प्रत्येक गावात आहेत. धड्याला दुसरे साहित्य लागत नाही.