नेपल्समधील एक भिंत

धागा 🧵

लंडनच्या नॅशनल गॅलरीत जेमतेम पोस्टकार्डाएवढे एक तैलचित्र आहे. रुंदी १६ सेंटीमीटर, उंची ११.४. त्यात दिसते ती एक भिंत. गिलावा जागोजागी उडालेला, परांचीच्या वाशांसाठी ठेवलेली चौकोनी भोके तशीच उघडी, मधोमध चिमुकला सज्जा, त्यावर वाळत घातलेले कपडे आणि सज्ज्याखाली ओघळलेल्या पाण्याचा काळपट डाग. वर निळ्या आकाशाची पट्टी. माणूस एकही नाही.

थॉमस जोन्स या वेल्श चित्रकाराने हे चित्र सुमारे १७८२ मध्ये नेपल्स मुक्कामी कागदावर रंगवले. इटलीत येणाऱ्या धनिक इंग्रज प्रवाशांना आठवण म्हणून हवे असत ते व्हेसुव्हियस, सागरकिनारे आणि रोमन भग्नावशेष. रिचर्ड विल्सनचा शिष्य असलेला जोन्सही पोटासाठी तशीच निसर्गदृश्ये काढी. समोरच्या भिंतीला मात्र गिऱ्हाईक नव्हते.

गिऱ्हाईक नव्हते, म्हणूनच ती इतकी खरी उतरली. विकायच्या चित्रात तो डाग पुसला गेला असता, निदान त्यावर एखादी वेल तरी चढली असती. जोन्सने डागाकडेही आकाशाइतकेच निरखून पाहिले.

पुढे तो मायदेशी परतला, १७८७ मध्ये कौटुंबिक जमीनदारी त्याच्याकडे आली आणि ही छोटी चित्रे घरातच राहिली. १९५४ मध्ये ती लिलावात आली, तेव्हा जाणकार चकित झाले. 'काळाच्या पुढे असलेला चित्रकार' ही पदवीही त्याला मिळाली. ती फसवी आहे. जोन्स विसाव्या शतकाकडे पाहत नव्हता, समोरच्या घराकडे पाहत होता.

कोणती इमारत पाहण्याजोगी, हा प्रश्न मुंबईतही जुनाच. शहराची वारसा नियमावली १९९५ ची. वास्तुशैली, वास्तुविशारद, ऐतिहासिक घटना अशा निकषांवर वास्तूंची प्रतवारी होते. चाळीच्या गॅलरीतील वाळणाची दोरी त्या निकषांत कशी बसावी? तिच्याकडे लक्ष दिले ते चित्रकारांनी. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करणाऱ्या सुधीर पटवर्धनांनी वर्षानुवर्षे उपनगरे आणि कामगारवस्त्या रंगवल्या. त्यांचे 'लोअर परळ' (२००१) या दृष्टीने आवर्जून पाहावे.

अर्थात, चित्रातील सौंदर्य हा पुनर्विकास रोखण्याचा युक्तिवाद होऊ शकत नाही. बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल, तर ते त्याच्या हक्काचेच. सामायिक संडासापुढील रांगेचे कौतुक तिथे कधीही उभे न राहिलेल्यांनी करू नये.

परंतु पाडकामापूर्वी मोजले जाते ते क्षेत्रफळ आणि तपासली जाते ती भाडेकरूची पात्रता. कठड्याचा रंग, ओल धरलेला कोपरा, दाराशी ठेवलेली तुळशीची कुंडी यांची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. कलाशाळांचे विद्यार्थी प्रत्यक्ष स्थळी बसून जलरंगांचा सराव करतातच. घाट आणि देवळे त्यांनी पुष्कळ रंगवली. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील ज्या चाळी अद्याप उभ्या असतील, त्यांच्यासमोर त्यांनी या हिवाळ्यातच बैठक मारावी.