रद्दीतला हायडन

दिवाळीच्या आधी आमच्या वडगाव मावळात घरोघर आवराआवर सुरू झाली की मला धडकी भरते. माळ्यावरून काय खाली येईल आणि काय भंगारात जाईल, याचा नेम नसतो. तांब्याचा हंडा वाचतो, कारण त्याला भाव असतो. आजोबांच्या रेकॉर्डी जातात.

गेल्या वर्षी लोणावळ्यातल्या एका जुन्या बंगल्याचे सामान असेच भंगारात निघाले. मुंबईच्या पारशी मंडळींनी लोणावळा-खंडाळ्याला हवा खाण्यासाठी बंगले बांधले आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताची आवडही तिथे सोबत नेली. झुबिन मेहता १९३६ साली मुंबईत जन्मले ते अशाच संगीतवेड्या पारशी घरात. भंगारवाल्याकडे मी पोचलो तेव्हा एक शौकीन गृहस्थ आधीच ढीग उपसत होते. बीटल्स सापडताच त्यांनी मागेल ती किंमत मोजली. पायाशी पडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पेटीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

ती पेटी मी तीनशे रुपयांना उचलली आणि लोकलने वडगावला आणली. "पेटी आणलीय," म्हणताच सौभाग्यवती उद्गारल्या, "आता या वयात हार्मोनियम शिकणार?"

पेटीत हायडनच्या सिंफनी होत्या. हा संगीतकार १७३२ ते १८०९ या काळातला. त्याने शंभरावर सिंफनी रचल्या. लोकांना त्यांतल्या चारदोन ठाऊक. अंताल दोराती या संगीत-संचालकाने १९६९ ते १९७२ या काळात डेक्का कंपनीसाठी त्या सगळ्या मुद्रित केल्या. वाजवणारा वाद्यवृंद होता फिलहार्मोनिया हंगारिका. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून निघालेल्या निर्वासित वादकांनी तो उभारला होता. २००१ साली तो वाद्यवृंदही मोडला. उरल्या त्या या तबकड्या.

माझ्या पेटीतले एक पाकीट मात्र रिकामे निघाले. चौकशी केली तर भंगारवाला सहज म्हणाला, "ती एकाने घड्याळ करायला नेली." संचातली एक तबकडी भिंतीवर टिकटिक करीत बसली आणि इकडे संच कायमचा लंगडा झाला!

आमचे एक स्नेही म्हणतात, "हे सगळे मोबाईलवर फुकट मिळते. कशाला हा पसारा?" मिळते, कबूल. तबकडीचाच आवाज श्रेष्ठ, असा हट्टही मी धरणार नाही. माझी तर चांगली चरचरते. पण मोबाईलपाशी मागावे लागते, आणि मागायला नाव ठाऊक असावे लागते. पेटीत न मागितलेलेही हाती येते. पंचेचाळिसाव्या सिंफनीच्या शेवटी वादक एकेक करून वाजवणे थांबवतात आणि उठून जातात. धन्याने घरी जाण्याची रजा द्यावी म्हणून केलेला हा विनवणीचा प्रकार. तो मला त्या पेटीतल्या पुस्तिकेने सांगितला. ते मागायचे मला कधी सुचले असते?

दुसरे स्नेही विचारतात, "आपले गाणे सोडून साहेबाचे कशाला जपायचे?" सोडायला कोणी सांगितले? आपल्या घरात जे हरवले, त्याचे दुःख ठाऊक असलेल्याने तरी हा प्रश्न विचारू नये. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्वांचे गुरू, 'स्वयंवरा'च्या चाली देणारे; पण त्यांचा स्वर आज आपल्याला ऐकता येत नाही. आठवणी सांगणारे पुष्कळ झाले, आठवणीतून तान ऐकू येत नाही. जे मुद्रितच झाले नाही त्याला इलाज नाही. जे मुद्रित होऊन आपल्या माळ्यावर पडले आहे, ते आपल्याच हाताने भंगारात घालायचे, याला काय म्हणावे?

मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स निघाली ती अशा जपणाऱ्यांचीच. परंतु संग्राहक बिचारा किती घरांत पोचणार? माळा तुमचा आहे. नामवंतांच्या रेकॉर्डी कोणीही वाचवील. ज्यांना कोणी विचारीत नाही, त्यांनाच तुमची गरज आहे.

तेव्हा यंदा माळा आवरताना एवढे करा. पेटी फोडू नका, पुस्तिका फेकू नका, तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर लाँगप्लेची सुई टेकवू नका. तिची खाच रुंद असते, तिला सुई वेगळी लागते. आणि घरात कोणालाच ऐकायचे नसेल, तर ऐकणाऱ्याच्या हाती सबंध संच द्या. घड्याळ बाजारात नवे मिळते.