बेअरिंग नवे, पण घराचे काय?

यामाहाची ‘बॅन्शी’ ही चारचाकी एटीव्ही अमेरिकेत १९८७ ते २००६ पर्यंत विकली जात होती. तिचे ३४७ सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन जोमदार खरे. परंतु शक्ती वाढविण्याचा मोह झाला की क्रँकशाफ्टची परीक्षा होते. हा शाफ्ट एकसंध नसून दाबून जोडलेला असतो. अधिक जोराने त्याचे सांधे पिळवटतात. म्हणून जाणते कारागीर तो डायल गेजवर सरळ करून मगच पिना वेल्ड करतात. वाकडाच वेल्ड केला तर वाकडेपण कायमचे!

याहून दुर्लक्षित दुखणे क्रँककेसचे. टू-स्ट्रोकमध्ये ती नुसती पेटी नव्हे. पेट्रोल-हवेचे मिश्रण तिच्यातूनच दाबले जाऊन वर जाते व बेअरिंगला तेलही त्यातूनच मिळते. बेअरिंगची बाहेरची कडी ॲल्युमिनियमच्या घरात फिरू लागली की घर झिजते, शाफ्ट डगमगतो, सील गळते, बाहेरची हवा आत शिरते आणि पेट्रोल कमी पडून पिस्टन जळतो. अशा घरात पंच मारून नवे बेअरिंग बसविणे ही, आमच्या मते, ग्राहकाची फसवणूकच होय. धातू भरून, केसचे दोन्ही अर्धे आवळून, घरे एका रेषेत बोअर करावीत. जोडणीनंतर हवेच्या दाबाने गळती तपासावी.

सुटे भाग विकणाऱ्या बंधूंनी बेअरिंग देण्यापूर्वी ‘घर मोजले काय?’ असे अवश्य विचारावे. एखादी विक्री लांबेल, लांबो. जुनी राजदूत ३५० बाळगणाऱ्यासही हाच प्रश्न करावा. तिचा शाफ्टही असाच जोडलेला आहे.