बियाणे वाटलेले चालते, मग गाणे का नाही?



खरिपाच्या बैठकीसाठी अंबरनाथ तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. विषय भाताच्या बियाण्याचा. कर्जत-३ सारख्या सुधारित वाणाचे बियाणे एकदा आणून, भेसळ काढून नीट राखले, तर दोन-तीन वर्षे घरचेच पेरता येते, शेजाऱ्यालाही देता येते, असे मी सांगत होतो. सन २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला तो हक्कच दिला आहे. फक्त नाममुद्रेच्या पिशवीत घालून विकता येत नाही.

मागून एक तरुण म्हणाला, "साहेब, बियाणे वाटलेले चालते, मग हळदीची गाणी मोबाईलमध्ये फुकट उतरवून घेतली तर कुणाचे काय बिघडले?"

मंडळी हसली. मला मात्र एक जुनी गोष्ट आठवली.

मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा आमच्या भागातल्या एका भातशेतकऱ्याच्या मुलाने लग्नगीतांची कॅसेट काढली. कंपनीची नव्हे, स्वतःच्या खर्चाने. दावणीची म्हैस विकून त्याने स्टुडिओचे भाडे आणि वादकांची बिदागी भागवली. मी एक कॅसेट विकत घेतली आणि घरच्या टेपवर तिच्या सतरा प्रती करून मित्रांत वाटल्या. कोऱ्या कॅसेटचे पैसे दुकानदाराला मिळाले. गाणाऱ्याला मिळाले एकाच कॅसेटचे. मला वाटे, आपण त्याचे नाव गावोगाव पोचवतो आहोत! वर्षभराने तो वीटभट्टीवर भेटला. म्हणाला, "गाणी सगळीकडे वाजतात रे, पण निम्म्या कॅसेटी घरात पडून आहेत." दुसरी कॅसेट त्याने काढली नाही.

तरुणाला मी म्हटले, कर्जत-३ तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाला विद्यापीठाचा पगार होता. या गाणाऱ्याला कुणाचा होता? शिवाय वाटलेले बियाणे शेजाऱ्याला चिखलणी, लावणी करून पिकवावे लागते. गाणे तर बोट लावले की उतरते. धवलारणीचे धवले पिढ्यान् पिढ्यांचे, ते सगळ्यांचे. पण आजच्या पोराने रचून गायलेले गाणे त्याचे आहे.

कायदाही समजून घ्या. लग्नात, वरातीत गाणे वाजवायला १९५७ चा कॉपीराइट कायदा आडवा येत नाही. पण प्रती काढून विकणे गुन्हा आहे. कॅसेटची चोरी फार बोकाळली तेव्हा १९८४ साली शिक्षा वाढवली. आता ती सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान ५० हजार रुपये दंड अशी आहे. पैसे घेऊन मेमरी कार्ड भरून देणारा दुकानदार त्यातच येतो. त्याला दिलेल्या पैशातला छदामही गाणाऱ्याकडे जात नाही, हे मला जास्त खटकते. गाणाऱ्याने स्वतःच यूट्यूबवर ठेवलेले गाणे तिथे खुशाल ऐकावे. जाहिरातीचे चार पैसे त्याला मिळू शकतात.

त्या तरुणाच्या मोबाईलमधली गाणी पलीकडच्याच गावच्या पोराची निघाली. जरा वेळाने त्याने विचारले, "दिवाळीनंतर बहिणीची हळद आहे. त्यालाच बोलावले तर येईल का?"

मी म्हटले, "येईल. पण सुपारी आत्ताच द्या, हंगामात तारखा मिळत नाहीत."

मग आम्ही मिठाच्या पाण्यात बियाणे बुडवून पोचट दाणे कसे काढायचे, तिकडे वळलो.